राळ आणि वीट

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



या व्याख्यानमालेत मी आजवर मागच्या रांगेत, पंख्याखाली बसत आलो. यंदा संयोजकांनी पुढे बोलावलं आणि फोनवर विषय विचारला. मी म्हटलं, ‘अंबर.’ पलीकडून विचारणा झाली, ‘म्हणजे आकाशावर बोलणार का?’ त्यात त्यांची चूक काहीच नाही. आपल्याकडे या शब्दाची फार ओढाताण झालेली आहे. संस्कृतातलं अंबर म्हणजे आकाश, आणि वस्त्रसुद्धा. पितांबर आणि दिगंबर आपण रोज म्हणतो. अरबीतून आलेला अंबर निराळा. तो देवमाशाच्या आतड्यात तयार होतो. कोकण किनाऱ्यावर ‘व्हेलची उलटी पकडली’ अशा बातम्या येतात, तो हा सुगंधी पदार्थ. युरोपात समुद्रकाठी सापडणाऱ्या आणखी एका वस्तूला हेच नाव पुढे चिकटलं. ती वस्तू म्हणजे झाडाची राळ, कोट्यवधी वर्षं जमिनीखाली राहून दगडासारखी झालेली. मी बोलणार आहे ते या तिसऱ्या अंबराबद्दल.

ज्यांच्या स्मृतीची ही व्याख्यानमाला, ते सर आम्हाला भौतिकशास्त्र शिकवत. स्थितिक विद्युत शिकवताना त्यांनी सांगितलं की, ग्रीक लोकांना वीज पहिल्यांदा दिसली ती अंबर लोकरीवर घासताना, आणि हा अंबर देवमाशाच्या पोटात होतो. मी कुठल्याशा मासिकात वेगळं वाचलं होतं. हात वर करून म्हणालो, ‘सर, तो झाडाचा चीक असतो.’ सरांनी मला उरलेला तास वर्गाबाहेर उभं केलं. (हशा) पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

हा माझ्या हातातला मणी पाहा, सुपारीएवढा. मागच्यांना दिसणार नाही, पण मी काय करतो ते दिसेल. हे आपलं साधं घोंगडं. त्यावर मणी दहा-बारा वेळा घासला, आणि आता या कागदाच्या कपट्यांजवळ नेतो. बघा, उडाले. एवढ्याशा करामतीवर या वस्तूची निम्मी नावं उभी आहेत. फारसीत तिला कहरुबा म्हणतात, म्हणजे काडी पळवणारा. संस्कृतात नाव आहे तृणमणी, गवत ओढून घेणारा मणी. ग्रीक लोक म्हणत इलेक्ट्रॉन. 1600 साली विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने चुंबकावरचा ग्रंथ लिहिताना त्याच ग्रीक नावावरून एक लॅटिन विशेषण घडवलं, आणि आज आपल्या घरात जे येतं त्याला ‘इलेक्ट्रिसिटी’ म्हणायची सोय झाली. वीजबिलाच्या मुळाशी हा मणी आहे. जर्मन माणसांनी मात्र दुसरा गुण पाहिला: हा दगड जळतो. म्हणून बर्नस्टाइन, जळणारा दगड. त्यावरून पोलिश शब्द झाला बुर्श्तिन.

दोन वर्षांपूर्वी, जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलीकडे गेलो असताना, मी तिथून रेल्वेने ग्दान्स्कला गेलो. पोलंडचं हे बाल्टिक समुद्रावरचं जुनं बंदर. व्हिस्तुला नदी जिथे समुद्राला मिळते त्या टापूत, मोत्वावा नावाच्या छोट्या नदीच्या काठी ते वसलं आहे. जर्मन भाषेत याच शहराचं नाव दान्झिग. हान्सा या व्यापारी शहरांच्या संघातल्या श्रीमंत बंदरांपैकी हे एक. पोलंडचं धान्य व्हिस्तुलेतून उतरायचं आणि इथून जहाजात चढून पश्चिमेला जायचं. नदीकाठी पंधराव्या शतकातल्या घडणीची लाकडी यारी उभी आहे. तिला ते झुराव म्हणतात, म्हणजे क्रौंच पक्षी. आत माणूस उभा चालू शकेल एवढी मोठी लाकडी चाकं आहेत. मजूर त्या चाकांत चालत राहायचे, आणि त्यांच्या पायांवर सुमारे चार टनांचा बोजा अकरा मीटर उंच चढायचा. मोटेला बैल जुंपायचे हे आपण पाहिलंय. इथे माणसं होती.

मला मात्र वेड लावलं ते मारियात्स्का नावाच्या गल्लीने. गल्लीच्या एका टोकाला नदीचा दरवाजा, दुसऱ्या टोकाला सेंट मेरीचं विटांचं प्रचंड चर्च. बांधायला 1343 साली घेतलं आणि पुरं झालं 1502 साली. गल्लीतल्या प्रत्येक घराला रस्त्याच्या बाजूने ओटा. चार-पाच दगडी पायऱ्या, कोरीव कठडा, आणि पागोळ्यांचं पाणी रस्त्यावर सोडायला दगडी जनावरांची तोंडं. गोमुखच म्हणा, फक्त गाईऐवजी कुठे मासा, कुठे राक्षस. ओट्याखालच्या तळघरांत आणि ओट्यांवर मांडलेल्या काचपेट्यांत अंबर. मधासारखा, लोण्यासारखा, काळ्या चहासारखा, ताकासारखा पांढरा. आत हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे जितके दाट, तितका रंग दुधाळ.

हा व्यापार इथे आजकालचा नाही. अंबर घडवणाऱ्या कारागिरांची श्रेणी ग्दान्स्कमध्ये 1477 साली स्थापन झाली. त्याआधी या किनाऱ्यावर ट्युटॉनिक सरदारांचं राज्य होतं आणि अंबरावर त्यांची मक्तेदारी. वादळानंतर कोळ्यांनी कमरेएवढ्या थंड पाण्यात उतरून जाळ्यांनी अंबर गोळा करायचा, तो सरदारांच्या अधिकाऱ्यांकडे जमा करायचा, आणि मोबदल्यात मीठ घ्यायचं. परवानगीशिवाय खिशात टाकला तर गळ्याला फास लागू शकत असे. त्या अंबराचं पुढे काय व्हायचं? मुख्यतः जपमाळा. म्हणजे भक्ताच्या बोटांतून फिरणाऱ्या मण्यामागे किनाऱ्यावर रोवलेला फाशीचा खांब होता. रशियातला प्रसिद्ध अंबर कक्ष मुळात बर्लिनच्या राजासाठी घडत होता, आणि त्यावर काम करणाऱ्यांत ग्दान्स्कचे दोन कारागीर होते, एर्न्स्ट शाख्त आणि गॉटफ्रीड टुराउ. 1716 साली तो पीटर द ग्रेटला भेट मिळाला. 1941 साली जर्मन सैन्याने तो उचकटून क्योनिग्सबर्गला नेला, आणि 1945 नंतर तो कुणालाच दिसलेला नाही. आज रशियात आहे ती 2003 साली पूर्ण झालेली प्रतिकृती.

एक गोष्ट मला फार आवडते. पुरातत्त्वज्ञ श्लीमनने ग्रीसमध्ये मायसिनीच्या थडग्यांतून अंबराचे मणी बाहेर काढले. ते कुठले? याचं उत्तर दिलं ग्दान्स्कच्या ऑटो हेल्म नावाच्या औषधविक्रेत्याने. बाल्टिक अंबरात सक्सिनिक आम्ल भरपूर असतं हे त्याला ठाऊक होतं. त्याने मायसिनीचा अंबर तपासला आणि तेच आम्ल दाखवून दिलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी युरोपच्या उत्तर टोकाची राळ दक्षिण टोकाच्या राजघराण्यात पोचली होती, हे एका औषधाच्या दुकानदाराने सिद्ध केलं.

आता थोडं शास्त्र. बाल्टिक अंबर साधारण चार कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा तिथल्या उबदार जंगलात सूचिपर्णी झाडं अमाप राळ गाळत होती. राळेत किडे अडकले, वरून राळेचा दुसरा थर आला, आणि पेटी बंद झाली. ग्दान्स्कचं अंबर संग्रहालय 2021पासून ‘मोठी गिरणी’ या चौदाव्या शतकातल्या इमारतीत आहे. एके काळी तिथे 18 पाणचक्क्या फिरत. तिथे भिंगातून मी पाहिलं: डास, कोळी, मुंग्या, एकमेकांना चिकटलेल्या दोन माश्या, ओकच्या कळ्यांवरून गळलेली ताऱ्यांच्या आकाराची बारीक लव. आणि एका काचेमागे चिमुकला सरडा. तो 1997 साली याच शहराच्या स्तोगी भागात सापडला. शेजारच्या गुजरातेतही, सुरत जिल्ह्यातल्या लिग्नाइटच्या खाणींत, अंबर सापडतो. तो बाल्टिक अंबराहून जुना, पाच कोटी वर्षांच्या पुढचा, आणि आपल्या सालवृक्षाच्या कुळातल्या झाडांचा. त्यातही किडे आहेत. तेव्हा ही केवळ गोऱ्यांच्या देशातली नवलाई समजू नका.

भिंगाला डोळा लावून बसलं की एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. अस्सल अंबरातला किडा कधीच नीटनेटका नसतो. पंख दुमडलेला, पाय उलटा, तोंडाशी बुडबुडा. सुटायच्या धडपडीत राळेत उमटलेली वळणं स्पष्ट दिसतात. कुठे नुसता एकच पाय असतो. बाकीचा किडा तेवढा पाय सोडून निसटला. पुष्कळांच्या अंगाभोवती पांढुरकं पटल असतं, त्यांच्या कुजण्यातून आलेलं. आत बहुधा पोकळी. सिनेमात दाखवतात तसा डायनोसॉरचा जनुकीय नकाशा त्यात शिल्लक नसतो. उलट नकली तुकड्यात किडा मोठा, रुबाबदार, बरोबर मधोमध, सहाही पाय पसरून बसलेला. फोटोला बसवल्यासारखा.

जाणकारही इथे फसले आहेत. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात 1922 साली आलेल्या संग्रहात बाल्टिक अंबराचा एक तुकडा होता. आत माशी. 1966 साली विली हेनिग या थोर जर्मन कीटकशास्त्रज्ञाने ती अभ्यासली आणि तिची जात आजच्या शौचकूपावरच्या माशीची असल्याचं नोंदवलं. कोट्यवधी वर्षांत जात बदललीच नाही, केवढं आश्चर्य! 1993 साली अँड्र्यू रॉस हा तरुण संशोधक सूक्ष्मदर्शकाखाली तो तुकडा पाहत होता. दिव्याच्या उष्णतेने त्यात एक भेग दिसू लागली. तेव्हा कळलं की कुणीतरी एकोणिसाव्या शतकात अस्सल अंबर मधोमध कापून, आत खळगा कोरून, ताजी माशी बसवून, दोन्ही भाग पुन्हा चिकटवले होते. अंबर खरा, माशी खरी. खोटी होती ती त्यांची भेट. एका गाजलेल्या बनवेगिरीच्या नावावरून शास्त्रज्ञ तिला पिल्टडाउनची माशी म्हणतात.

माझीही फजिती सांगतो. नदीकाठी एका फिरत्या विक्रेत्याकडून मी स्वस्तात माळ घेतली. रात्री हॉटेलात ग्लासभर पाण्यात विरघळेल तेवढं मीठ घातलं. अंबर साध्या पाण्यात बुडतो, पण दाट खाऱ्या पाण्यात तरंगतो. गल्लीतल्या दुकानातून घेतलेला हा मणी टुणकन वर आला. माळ जी तळाला गेली ती गेलीच. (हशा) ती आता नातीच्या बाहुलीच्या गळ्यात आहे.

दुसऱ्या दिवशी ट्रामने स्तोगीला गेलो. पाइनच्या झाडीत ट्रामचा शेवटचा थांबा, तिथून वाळूवर पायी. रात्री वारा झाला होता. किनाऱ्यावर लोक खाली मान घालून फिरत होते, काही जणांच्या हातात जांभळ्या प्रकाशाचे दिवे. त्या प्रकाशात अंबर निळसर उजळतो. एका म्हातारबाबांनी खुणेने शिकवलं: वाळूत बघू नको, शेवाळ आणि काळ्या काटक्या लागल्यात तिथे बघ. अंबर आणि भिजलेलं लाकूड, दोन्ही हलकी. लाट त्यांना एकाच जागी टाकते. तासाभराने मला तांदळाच्या कणीएवढा तुकडा मिळाला. दाताला लावला तर काचेसारखा थंड आणि कडक नाही, कोमट लागतो.

संध्याकाळी त्या गल्लीतल्या एका ओट्यावर बसून मी हातातल्या पुस्तिकेतला इतिहास वाचत होतो. वाचता वाचता उठून उभा राहिलो. मी ज्या जुन्या ओट्यावर बसलो होतो तो जुना नव्हताच. माझ्याच पिढीचा होता.

1 सप्टेंबर 1939च्या पहाटे श्लेस्विग-होल्स्टाइन या जर्मन युद्धनौकेने याच बंदराच्या तोंडाशी असलेल्या वेस्टरप्लाट्टवर तोफा डागल्या आणि महायुद्ध सुरू झालं. मार्च 1945मध्ये सोव्हिएत सैन्य आलं तेव्हा शहराचा ऐतिहासिक गाभा जवळजवळ सगळा जळून कोसळला. यारीचं लाकूड जळालं, चर्चचं छप्पर कोसळलं. मग वाद झाला. अवशेष तसेच ठेवावेत, की नवं आधुनिक शहर बांधावं? ठरलं ते असं: दर्शनी भिंती जुन्या काळातल्यासारख्या, आत कामगारांसाठी नव्या सदनिका. त्या दर्शनी भिंतींसाठी नमुना घेतला तो शहर पोलंडच्या राजाच्या छत्राखाली होतं त्या सुवर्णकाळाचा. 1793नंतरची प्रशियाची राजवट, तिने उभारलेलं एकोणिसावं शतक, बऱ्याच अंशी वगळलं. ढिगाऱ्यांतून कोरीव दगड, चौकटी, पायऱ्या वेचून नव्या भिंतींत बसवल्या. म्हणजे दगड खरा, भिंत खरी. दगड खरा, भिंत खरी.

पिल्टडाउनच्या माशीची गोष्ट आठवून क्षणभर मला फसवल्यासारखं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली. माशी बसवणाऱ्याने चीर लपवली होती. या शहराने काही लपवलेलं नाही. कुणालाही विचारा, तो सांगतो की हे पुन्हा बांधलेलं आहे. आणि बांधलं कुणी? युद्धाआधी हे शहर बहुसंख्य जर्मन भाषकांचं होतं. ते गेले, काही पळाले, उरलेल्यांना घालवलं गेलं. त्यांच्या जागी आले त्यांतले पुष्कळ जण पोलंडच्या पूर्व भागातले, स्वतःचं गाव गमावलेले. त्याच पूर्व भागातल्या हजारो बायका-मुलांना सोव्हिएतांनी सैबेरियाकडे हाकललं होतं, आणि त्यांतली सुमारे पाच हजार माणसं 1943पासून युद्ध संपल्यानंतरही काही वर्षं आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिली. सरांच्या लहानपणी ती पोलिश मुलं त्यांना रस्त्यात दिसायची. महावीर उद्यानातल्या त्यांच्या स्मृतिस्तंभाजवळून आपण कितीदा तरी जातो. गाव गेलेल्या माणसांनी दुसऱ्या कुणाचं जळलेलं गाव वीट वीट लावून उभं करावं, याला नकली म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण वगळलेल्यांचं काय? दान्झिगच्या ज्यू समाजाने 1939 साली आपल्या सिनेगॉगमधल्या पूजेच्या वस्तू पेट्यांत भरून न्यूयॉर्कला पाठवल्या. अट अशी घातली की, पंधरा वर्षांनी शहरात ज्यू समाज मोकळेपणाने राहत असेल तर त्या परत द्याव्यात, नाहीतर तिथेच ठेवून लोकांना दाखवाव्यात. वस्तू न्यूयॉर्कलाच राहिल्या. इथलं मोठं सिनेगॉग त्याच वर्षी पाडलं गेलं. जुन्या दफनभूमीही युद्धानंतरच्या वर्षांत एकेक करून सपाट झाल्या. कुठे बाग झाली, कुठे रस्ता.

माझा शेवटचा थांबा रेल्वे स्थानकाजवळ होता. तिथे एक जागा आहे, तिचं नाव आहे ‘अस्तित्वात नसलेल्या दफनभूमींची दफनभूमी’. 2002 साली शहराने ती उभारली. दगडी खांब झाडांसारखे उभे आहेत, आणि मध्ये ग्रॅनाइटची शिळा. ती तोलून धरलीय मोडक्या थडग्यांच्या तुकड्यांनी. सगळ्या धर्मांच्या, सगळ्या भाषांच्या. आपल्या आजोबांनी जे वगळलं, ते नातवांनी शोधून परत मांडलं.

त्या शिळेपाशी उभा असताना मला राळ आणि वीट यांतला फरक कळला. राळ निवड करत नाही असं आपण म्हणतो. तेही पुरतं खरं नाही. ती लहान, खोडावर वावरणाऱ्या जिवांनाच धरते, बलदंड निसटतो. पण तिची मोठी मर्यादा वेगळीच आहे. एकदा थर बसला की तिच्यात काही घालता येत नाही. घालू गेलात तर ती माशी होते. माणसांच्या स्मरणाचं उलट आहे. ते निवडतं, सोयीचं जपतं, गैरसोयीचं गाळतं. पण विटेची भिंत उघडता येते. चुकलं तर पुन्हा बांधता येतं. म्हणून स्मारक उभारणाऱ्यांवर एक काम कायम शिल्लक राहतं: दर पिढीने येऊन विचारायचं, यातून कोण बाहेर राहिलं?

हे मी या मंचावर का बोलतोय? दरवर्षी इथे आपण सरांबद्दल बोलतो आणि दरवर्षी सर थोडे जास्त नीटनेटके होत जातात. शिस्तप्रिय, ज्ञानी, विद्यार्थिवत्सल. सहाही पाय पसरून, बरोबर मधोमध. तेव्हा मी एक विस्कटलेला पाय परत ठेवतो. सरांनी मला वर्गाबाहेर उभं केलं त्याला महिना झाल्यावर एका रात्री ते आमच्या घरी आले. काखेत जाडजूड कोश. ओटीवर बसून त्यांनी वडिलांना ते पान दाखवलं, आणि म्हणाले, ‘तुमचा मुलगा बरोबर होता. राळच आहे ती.’ चहा घेतला आणि गेले. दुसऱ्या दिवशी मी वर्गात वाट पाहिली. सर काही बोलले नाहीत. वर्षभर बोलले नाहीत. वर्गातल्या बाकीच्या पोरांना अंबर देवमाशाच्याच पोटातला राहिला. त्यांतले काही जण आज समोर बसलेले दिसतायत. (हशा)

सरांच्या वतीने मी आज ती दुरुस्ती करतो. मित्रांनो, ती राळ आहे. आणि सरांच्या वतीनेच हेही सांगतो की, चूक कबूल करायला सर रात्री दोन मैल चालत आले. मात्र दिवसा, वर्गातल्या पाच पावलांत त्यांना ते जमलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या. दोन्ही एकाच मण्यात राहू द्या.

हा मणी मी सरांच्या नातीकडे देतो. घोंगडं मात्र परत पाहिजे.